मांडवातला मुका वऱ्हाडी

श्रोतेहो, वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलावयाचे म्हणजे एखादे साम्राज्य, एखादी लढाई, निदान एखादा तह तरी हवा, अशी आपली अपेक्षा असते. आम्ही जो विषय घेतला आहे त्यात राजा आहे, यज्ञ आहे, हरताळही आहे. परंतु मध्यभागी आहे तो कुत्रा, आणि तोही लग्नाच्या मांडवातला. ज्याचा जन्म कामगारांच्या सभा आणि मालकांशी बोलणी करण्यात गेला त्याला हा विषय सुचला कोठून, असे आम्हांस पुष्कळांनी विचारले. त्याचे उत्तर म्हणून आधी घरची एक हकीकत सांगतो.

आमचे गाव खांब. मुंबईहून गोव्याकडे जाताना नागोठणे मागे पडते, सुकेळीची खिंड उतरते आणि कोलाड येण्यापूर्वी रोहे तालुक्यातले हे गाव लागते. महामार्ग गावाला लागूनच जातो. १९८५ च्या वैशाखात आमच्या थोरल्या बहिणीचे लग्न तेथे झाले. आम्ही तेव्हा पंधरा वर्षांचे होतो. घरी मोत्या नावाचा कुत्रा होता. तो ताईने बाटलीने दूध पाजून वाढविलेला. लग्नाच्या वेळी मोत्या जवळ असावा एवढीच तिची इच्छा होती. वडिलांनी ती मानली, पण वऱ्हाडी मंडळींना त्रास नको म्हणून त्याला मांडवाच्या मेढीला बांधण्यास आम्हांस सांगितले. आम्ही बांधला. गाठ पक्की मारली याचा आम्हांस अभिमानही वाटला.

त्या मेढीपासून चार हातांवर खालुबाजावाले बसले होते. ढोल आणि ताशा सुरू झाला तेव्हा मोत्या प्रथम जांभया देऊ लागला. आम्हांस वाटले, त्याला झोप आली. मग तो जीभ ओठांवरून फिरवू लागला. आम्हांस वाटले, त्याला जेवणाचा वास आला. मग तो मेढीमागे अंग चोरून थरथरत उभा राहिला, तेव्हा कोणी तरी हसून म्हणाले, ‘नवरीपेक्षा हाच जास्त लाजतो आहे.’ भटजींनी ‘सावधान’ म्हटले, अक्षता पडल्या, आणि त्याच क्षणी बाहेर फटाक्यांची माळ लागली. समर्थ रामदासांविषयी आपण ऐकतो की मांडवात ‘सावधान’ हा शब्द ऐकताच ते निघून गेले. त्यांच्यानंतर तो शब्द खऱ्या अर्थाने ऐकला तो आमच्या मोत्याने. त्याने दोरी तोडली आणि तो महामार्गाकडे पळाला. तो ट्रकखाली सापडला. पाठवणीच्या वेळी ताई रडली ती माहेर सुटते म्हणून, असे साऱ्या वऱ्हाडाला वाटले. ती कशासाठी रडत होती हे वडील, आई आणि आम्ही, एवढ्या तिघांनाच ठाऊक होते.

ढोलवाल्यांनी आपले काम केले, फटाके लावणाऱ्यांनी हौस केली. दोष त्यांचा नव्हता. मोत्याने चार वेळा सांगितले आणि आम्हांस ते वाचता आले नाही. पुढे युनियनचे काम करताना, साक्षर होऊन वाचनालयांत बसू लागल्यावर, हा प्रश्न आम्ही पुस्तकांनाही विचारीत राहिलो: माणसाच्या समारंभात कुत्र्याला आजवर कोणी, कशासाठी आणि कसे वागविले? जे हाती लागले ते आपणापुढे ठेवतो.

पहिली साक्ष प्रत्यक्ष महाभारताची. आदिपर्वातील पौष्य उपाख्यानाच्या आरंभीच जनमेजयाचे दीर्घ सत्र कुरुक्षेत्रावर चाललेले आहे. तेथे सरमा या देवशुनीचे पिल्लू येते. जनमेजयाचे भाऊ श्रुतसेन, उग्रसेन आणि भीमसेन त्याला मारून हाकलतात. पिल्लू रडत आईकडे जाते. सरमा प्रथम त्यालाच विचारते, तू काही तरी अपराध केला असशील. ते सांगते, मी हविर्द्रव्याला तोंड लावले नाही, त्याकडे पाहिलेही नाही. तेव्हा सरमा सत्राच्या जागी जाऊन जाब विचारते. कोणी उत्तर देत नाही. ती शाप देते की निरपराध्याला मारले म्हणून तुम्हांवर न दिसणारे भय येईल. श्रोतेहो, अर्जाची चौकशी न करता तो दप्तरात ठेवला म्हणजे पुढे काय होते ते आम्ही जन्मभर पाहत आलो. समारंभातल्या कुत्र्याच्या बाजूने केलेली तक्रार आपल्या वाङ्मयात इतक्या आरंभी नोंदली आहे. त्याच महाभारताच्या शेवटाकडे, महाप्रस्थानात, धर्मराज कुत्र्याला सोडून स्वर्गात पाऊल टाकण्यास नकार देतो. दारातून हाकललेल्या कुत्र्यापासून स्वर्गाच्या दारापर्यंत नेलेल्या कुत्र्यापर्यंत, असा त्या ग्रंथाचा प्रवास आहे म्हटले तरी चालेल.

महाराष्ट्रात मात्र कुत्र्याला लग्नात मानाचे स्थान देणारा देव आहे. खंडोबाच्या मूर्तीत व टाकांत घोड्याबरोबर कुत्रा असतो. सातारा जिल्ह्यात तारळी नदीकाठच्या पाल येथे दरवर्षी पौषात खंडोबा आणि म्हाळसा यांचे लग्न लागते. लाखो लोक वऱ्हाडी होतात आणि भंडाऱ्याने आसमंत पिवळा होतो. म्हणजे ज्या नवरदेवाचे हे लग्न, त्याच्या परिवारातच कुत्रा आहे. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याच्या नैवेद्यातला वाटा कुत्र्याला घालण्याची चाल पुष्कळ घरी आहे. खंडोबाचे वाघे तर स्वतःला देवाचे कुत्रे समजत. काही ठिकाणी ते कुत्र्यासारखे भुंकत आणि जमिनीवर ठेवलेल्या कोटंब्यातले अन्न हात न लावता तोंडाने खात. ही चाल कोणाला विचित्र वाटेल. आम्हांस तीत एक शहाणपण दिसते. कुत्र्याला माणसाचा वेष देऊन मांडवात उभे करण्याऐवजी येथे माणूसच क्षणभर कुत्र्याच्या उंचीवर उतरला. चार पायांवर वाकल्यावाचून मांडव तेथून कसा दिसतो हे कळत नाही.

याच देवाशी आमच्या चळवळीचाही एक धागा आहे. १८८४ मध्ये गिरणी कामगारांची सभा उभी करणाऱ्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी आठवड्याच्या सुट्टीसाठी जी खटपट केली, ती १८९० मध्ये सफल झाली आणि रविवारची सुट्टी मिळाली. रविवारच का, याचे एक कारण असे सांगतात की तो खंडोबाचा वार. थकलेल्या जिवाला विसावा हवा, ही मागणी अशी देवाच्या नावानेही मांडावी लागली. तो विसावा देवाच्या कुत्र्याला मात्र आपण अजून पुरता दिलेला नाही.

आता नेमकी उलट बाजू पाहा. काठेवाडातील जुनागढ संस्थानचे नबाब तिसरे महाबतखान यांना कुत्र्यांचा अतोनात शोक होता. १९२२ साली त्यांनी आपल्या रोशनआरा नावाच्या लाडक्या कुत्रीचे लग्न मांगरोळच्या नबाबांच्या बॉबी नावाच्या कुत्र्याशी थाटाने लावले. दागिने, पालखी, बँड, जेवणावळी यांच्या हकीकती अजूनही रंगवून सांगितल्या जातात. आम्ही त्या आवडीने वाचल्या. पण त्या गोंगाटात त्या दोन जनावरांना काय वाटले, याविषयी एक ओळही आमच्या वाचनात आली नाही. त्यांच्यावर प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? मालकाचे प्रेम असूनही कामगाराचे हाल होऊ शकतात, हे मात्र आम्ही अनुभवाने जाणतो. दिवाळीला मिठाई वाटणाऱ्या मालकाला प्यायच्या पाण्याचा नळ दुरुस्त करावयास लावण्यासाठी आम्हांस वर्ष-वर्ष झगडावे लागले आहे.

कुत्र्याची बाजू घेऊन माणसे रस्त्यावर उतरली, असेही आपल्या मुंबईत घडले आहे. भटकी कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम होता, दर कुत्र्यामागे इनाम होते, आणि मारेकरी इनामासाठी लोकांच्या दारांतली पाळीव कुत्रीही मारू लागले होते. ६ जून १८३२ रोजी पारशी समाज खवळून उठला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद झाली, इतर समाजांचे लोकही सामील झाले, आणि फोर्टातला नित्याचा पुरवठा अडला. पारशांच्या क्षोभाला धार्मिक कारण होते. त्यांच्या अंत्यविधीत कुत्र्याने मृतदेहाकडे पाहावे असा ‘सगदीद’ नावाचा संस्कार आहे. कुत्रा हा त्यांच्या समारंभाचा मानकरी. गिरण्यांचे भोंगे वाजू लागण्यापूर्वीच मुंबईने मुक्या जनावरासाठी एक हरताळ पाहिला होता, याची आम्हांस मौज वाटते. पुढे स्वतंत्र भारतात रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत लावून धरलेल्या मागणीतून १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा आला. १९७६ च्या घटनादुरुस्तीने सजीवांविषयी दयाभाव हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले.

कायद्याने मारझोड थांबेल. पण मोत्याला कोणी मारले नव्हते. त्याला मारले ते आवाजाने. म्हणून लग्नाच्या आवाजाचाही इतिहास थोडा पाहिला पाहिजे. आमच्या कोकणात पूर्वी खालुबाजा असे: सनई, ढोल, ताशा. माणसे दमली की बाजा आपोआप थांबे. मग पितळी बँड आला, मग बेंजो पार्टी आली आणि आता विजेवर चालणाऱ्या ध्वनिवर्धकांच्या भिंती आल्या. वीज दमत नाही, हा त्यातला मोठा फरक. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली, रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकास मनाई केली. या मर्यादा माणसाच्या कानासाठी आहेत. माणसाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंतचा. म्हणजे ध्वनिवर्धकाची जी कर्कश शीळ आपणांस जाणवतही नाही, ती त्याच्या कानात टोचत असते. शिवाय हे लग्न आहे, उद्या संपेल, हे आपणांस माहीत असते. त्याला ते सांगणारे कोणी नाही.

भय एकदा बसले म्हणजे किती खोल बसते, याचे प्रसिद्ध उदाहरण रशियातले आहे. पचनावरील संशोधनासाठी १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेतील कुत्री सप्टेंबर १९२४ च्या लेनिनग्राडच्या महापुरात पिंजऱ्यांत अडकली. नोकरांनी त्यांना पोहवत बाहेर काढले. जीव वाचले, पण काही कुत्री पूर्वी शिकलेले सारे विसरली, आणि पुढे बऱ्याच काळाने दाराखालून नुसते पाणी झिरपू दिले तरी पुन्हा बिथरली. योगायोग असा की त्याच १९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या विदुषीने भय घालविण्याची रीत प्रसिद्ध केली. पीटर नावाच्या एका लहान मुलाला सशाची भीती होती. तो आवडीचे खाणे खात असताना ससा दूर ठेवावयाचा आणि दिवसेंदिवस थोडा थोडा जवळ आणावयाचा. अखेर मुलगा सशाला कुरवाळू लागला. मुलाचे भय गेले ते जबरदस्तीने नव्हे. अंतर राखले, वेळ दिला आणि तोंडात गोड घास दिला. कुत्र्यालाही हाच मार्ग लागू पडतो.

आता व्यवहाराकडे वळू. कुत्र्याला मांडवात आणावयाचेच असेल तर त्याच्या वतीने आम्ही एक मागणीपत्र सादर करतो. मागणी पहिली, तालीम. लग्नाआधी चार-सहा आठवडे वाजंत्रीचा आवाज यंत्रावर अगदी हळू लावावा आणि त्याच वेळी त्याला आवडता घास द्यावा. आवाज रोज किंचित वाढवावा, आणि कान मागे पडले तर एक पायरी खाली यावे. गळ्यातला हार किंवा अंगावरचे वस्त्र घालावयाचे असल्यास त्याचीही अशीच सवय करावी. मानले नाही तर हार राहू द्यावा. दुसरी, हक्काचा माणूस. कुत्र्याच्या ओळखीचे एक माणूस त्या दिवशी फक्त त्याच्यासाठी असावे. वधूवर, आईबाप यांना ते जमणे नाही, कारण त्यांना शंभर कामे. तिसरी, विश्रांतीची जागा. मांडवापासून दूरची, दाराची खोली. तेथे त्याचे नेहमीचे अंथरूण, गार पाणी आणि वारा. वैशाखात हे फार जरुरीचे, कारण कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाने घाम येत नाही. तो धापेवरच अंग थंड करतो. चौथी, कामाचे तास. १९४८ च्या कारखाने कायद्याने पाच तासांहून अधिक सलग काम घेऊ नये, मध्ये अर्धा तास सुट्टी द्यावी, असे ठरविले होते. कुत्र्याला तर दहा मिनिटे पुष्कळ. सकाळी त्याला दमेपर्यंत फिरवावे, शी-शू उरकून घ्यावी, वाजंत्री सुरू होण्यापूर्वी त्याचा मान द्यावा आणि लगेच खोलीत न्यावे. पाचवी, पंगतीपासून संरक्षण. चॉकलेट, द्राक्षे, शिऱ्यातले बेदाणे, कांदा आणि शिजलेली हाडे त्याला घातक आहेत. पाहुण्यांना आणि विशेषतः मुलांना हे आधीच सांगावे. सहावी, ओळखपत्र. गळ्यातल्या पट्ट्यावर घरचा दूरध्वनी क्रमांक कोरलेला असावा.

सातवी मागणी सर्वांत महत्त्वाची: नकाराचा हक्क. झोप नसताना जांभई, खाणे नसताना ओठ चाटणे, तोंड फिरविणे, शेपूट पोटाखाली घेणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, एकाएकी दगडासारखे थिजणे, हे त्याचे अर्ज होत. ते सारे अर्ज फेटाळले गेले की तो गुरगुरतो. गुरगुरणे ही संपाची रीतसर नोटीस आहे. पुष्कळ लोक गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला फटका मारतात. तो नोटीस फाडून टाकण्याचा प्रकार झाला. त्यानंतर होणारा चावा बिननोटिशीचा असतो, आणि मग आपणच त्याला बेइमान म्हणतो. एखादा कुत्रा फारच भित्रा असेल तर त्याला समारंभाला आणू नये. घरी ठेवणे हा त्याचा अपमान नव्हे. औषध द्यावयाचे तर ते पशुवैद्याला आधी विचारून. माणसाच्या झोपेच्या गोळ्या कदापि देऊ नयेत. आणि तरीही कोणास चावलाच तर जखम साबण लावून पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुवावी व तडक दवाखाना गाठून लस घ्यावी. लग्नघर म्हणून ती गोष्ट लपवू नये.

हे सारे केवळ पुस्तकातून सांगत नाही. २०२२ साली आमच्या मुलीचे लग्न खांबलाच, त्याच अंगणात झाले. तिचा काळू नावाचा कुत्रा. हळदीच्या वेळी तो जवळ हवा, असा तिचा हट्ट. सदतीस वर्षांनी तीच मागणी ऐकून आम्ही गप्प झालो. ताई, म्हणजे तिची आत्या, तेथेच बसली होती. ती एवढेच म्हणाली, ‘बांधू नका. माझ्याजवळ द्या.’

दीड महिना काळूची तालीम चालली. बेंजोवाल्यांशी बोलणी आम्ही केली. आयुष्यात पुष्कळ करार केले, पण हळद लागताना दहा मिनिटे बेंजो बंद ठेवण्याचा हा करार मिळविताना आम्हांस घाम फुटला. फटाके नाहीत, हे व्याह्यांनी एका शब्दात मान्य केले. हळदीला काळू आला, मुलीच्या मांडीवर डोके ठेवून दहा मिनिटे बसला. मग त्याने एक जांभई दिली. ताई उठली, काही न बोलता त्याला घेऊन मागच्या खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी मंगलाष्टकांच्या वेळी आत्या दिसेना म्हणून कुजबुज झाली. आम्ही मागे जाऊन पाहिले. खोलीचे दार लावलेले, खिडकी थोडी उघडी. काळू अंथरुणावर पडलेला, ताईचा हात त्याच्या पाठीवर. ‘सावधान’ झाले तेव्हा तिने मुठीतल्या अक्षता खिडकीतूनच मांडवाच्या दिशेने टाकल्या. काळूने एकदा कान टवकारले, तिच्याकडे पाहिले, आणि पुन्हा मान टेकली. भाचीच्या डोक्यावर त्या अक्षता पोचल्या नाहीत. तरी त्या मांडवातल्या कोणाहीपेक्षा त्या योग्य जागी पडल्या असे आम्हांस वाटले.

श्रोतेहो, ज्याला बोलून ‘नाही’ म्हणता येत नाही त्याला आपल्या आनंदात ओढताना त्याचा ‘नाही’ ओळखण्याची जबाबदारी ओढणाऱ्यावर येते. सरमेने जनमेजयाला जाब विचारला तो हाच. हे आम्ही कामगारांसाठी सांगत आलो; ते मोत्याकडून शिकलो असतो तर वीस वर्षे आधी शिकलो असतो. आपल्या घरी यंदा कार्य असेल आणि कुत्रा असेल, तर मेढ रोवण्यापूर्वी त्याची खोली ठरवा. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.